सगळ्यांची तोंडं एकीकडे

१

मला फोटो काढता येत नाहीत. दर चौथ्या फोटोत माझा अंगठा येतो आणि बायकोच्या मते तोच सगळ्यात स्पष्ट आलेला असतो. तरी गेले सहा महिने मी रोज सकाळी साडेआठला घरातून निघून मोजणी कार्यालयात पोचेपर्यंत आठ-दहा फोटो काढतो. अर्ध्या तासाची वाट आहे. मध्ये दुकानं, एक बंद पडलेला कारखाना, पाण्याची टाकी, तिच्यामागचं मोकळं मैदान आणि मग आमची दोन मजली इमारत. या वाटेवर बघण्यासारखं काही नाही, असं मी सव्वीस वर्षं धरून चाललो होतो.

मागच्या वर्षी हिला ताप आला. पाच दिवसांत गेला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, वेळ लागेल, आणि पुढचं वाक्य त्यांनी खाल्लं. आमची ही शिवणकाम करणारी, दिवसभर मशीनवर पाय चालवणारी बाई. मागच्या खोलीत तिचा पलंग, पलंगाशेजारी कापड घालून झाकलेलं मशीन, आणि खिडकीतून शेजारच्यांची भिंत. पहिल्या महिन्यात ती त्या भिंतीकडे बघायची आणि मी तिच्याकडे.

मग मेहुणीने स्वतःला नवा फोन घेतला आणि जुना आमच्या गळ्यात मारला. ही म्हणाली, "अहो, जाता-येता काय दिसतं ते काढून आणत जा. माणसं नकोत. माणसं इथे येऊन जातात आणि जाताना सहानुभूती इथेच विसरून जातात. दुसरं काहीतरी आणा."

म्हणून सुरू केलं. नळाच्या पाइपवर चढणारी गोगलगाय. भेगेतलं शेवाळ. माशीचा पंख ओढणाऱ्या मुंग्या. कुंपणाच्या तारेवर बसलेला चतुर. ठरवून काही नाही. दिसलं, वाकलो, काढलं. संध्याकाळी ती दोन बोटांनी प्रत्येक फोटो मोठा करून बघायची आणि मला बोलणी घालायची. त्या फोनचे, मेहुणीचे आणि त्या गोगलगायीचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी सरळ कबूल करतो. तिच्या चेहऱ्यावरचं हसू त्यांनीच परत आणलं.

२

एका संध्याकाळी ती म्हणाली, "हे सगळे कुणाकडे बघतायत?"

मी चहा गाळत होतो. "कोण सगळे?"

"तुमची पाहुणेमंडळी. ही गोगलगाय, हे कबुतर, हा नाकतोडा. सगळ्यांची तोंडं एकीकडे. मखमलीवरून हात फिरवला की सगळे केस एका बाजूला पडतात ना, तसं."

मी म्हटलं, सकाळचं ऊन असेल. ती म्हणाली, गोगलगायीला कसलं आलंय उन्हाचं कौतुक. मी म्हटलं, मग वारा असेल, पाखरं वाऱ्याकडे तोंड करून बसतात. ती म्हणाली, "आणि मुंग्या?"

मुंग्यांचा फोटो मी पुन्हा पाहिला. रांग नव्हती. बारा-तेरा मुंग्या विटेवर सुट्या सुट्या उभ्या होत्या, पंख सोडून दिलेला, आणि प्रत्येकीचं डोकं एकाच दिशेला. मुंगी उभी राहिलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. फोटो आहे, फोटोत सगळंच थांबतं, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवलं. टाकीच्या अलीकडे जे जे दिसलं ते पुढे बघत होतं. टाकी ओलांडली, तर तिथला सरडा, तिथल्या चिमण्या, गटाराच्या कडेचा बेडूक, सगळे मागे बघत होते. ऊन एकाच बाजूने येतं. वाराही. दोन बाजूंचे लोक जेव्हा एकमेकांच्या दिशेने माना वळवून उभे असतात, तेव्हा मध्ये काहीतरी चाललेलं असतं.

३

माझा धंदा जमीन मोजण्याचा. आता मशीन आहेत, पण मी शिकलो तो लाकडी फळ्यावर कागद ताणून. एखादी वस्तू जवळ जाऊन मोजता येत नसेल, तर तीन ठिकाणी उभं राहून तिच्याकडे तीन रेघा मारायच्या. रेघा जिथे मिळतील तिथे वस्तू. इतकं सोपं आहे.

फोटोच्या माहितीत फोन दिशा नोंदवून ठेवतो, अंशात. म्हणजे प्राण्याच्या मागे, त्याच्या पाठीच्या रेषेत फोन धरला की त्याची नजर मला आकड्यात मिळत होती. मी गोगलगायींच्या मागे उकिडवा बसू लागलो. इस्त्रीवाल्याने विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "कमरेची लचक बसतेय का बघतोय."

जेवणाच्या सुट्टीत मी दप्तरखान्यातून आमच्या भागाचा मोठा नकाशा काढायचो. जुना आहे, कापडावर चिकटवलेला. खात्याचा नियम असा की तो खोलीबाहेर न्यायचा नाही. त्यावर पारदर्शक कागद टाकून मी सकाळच्या तीन रेघा मारल्या. त्या अगदी एका टिंबात मिळाल्या नाहीत. मध्ये एक त्रिकोण उरला, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. एवढी चूक हाताची असते. असा त्रिकोण पडला की आम्ही त्याच्या मध्यावर टिंब देतो आणि पुढे जातो.

टिंब पडलं टाकीमागच्या मैदानात.

दुसऱ्या दिवशीचं टिंब शंभर-सव्वाशे पावलं अलीकडे पडलं. तिसऱ्या दिवशीचं तेवढंच अजून अलीकडे. रस्त्याच्या डाव्या हाताला, घरांच्या मागून, परसांतून, कुंपणांतून, कुणी सावकाश चालत यावं तसं. पारदर्शक कागदावर ती टिंबं एका ओळीत दिसायला लागली. ओळ पुढे कुठे जाते ते बघायला मला पट्टी लावायची गरज नव्हती. तरी मी लावली.

४

तिथे जाऊन बघणं भाग होतं. भर दुपारी, रस्त्यावर फारशी वर्दळ नसताना, मी त्या दिवशीच्या टिंबावर जाऊन उभा राहिलो. बंद कारखान्याची बाजूची भिंत, एक मोडकी खुर्ची, गवत. काही म्हणजे काही नव्हतं. मला माझंच हसू आलं.

मग कारखाना आणि रस्ता यांच्या मधल्या कुंपणावर मला पाल दिसली. दिवसाउजेडी उघड्यावर, अंग ताणून. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या उजव्या बाजूला, रस्त्याच्या अंगाला बघत होती. मी फोन काढला. फोन धरून असतानाच तिचं डोकं हळूहळू वळायला लागलं. माशी दिसल्यावर पाल झटका देते, हे तसं नव्हतं. डावीकडून उजवीकडे, एका लयीत, आपण खिडकीत बसून रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला दिसेनासा होईपर्यंत बघतो, त्या गतीने. मी रस्त्याकडे पाहिलं. इस्त्रीवाल्याची सायकल उभी होती. बाकी रिकामा.

पाल वेडी असेल, असं मी ठरवलं. पालीही वेड्या होत असतील.

त्या आठवड्यात हिचा श्वास जड झाला. रोज व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई, ज्यांना आम्ही ताई म्हणतो, मला दाराशी बोलावून म्हणाल्या, "जरा लक्ष ठेवा. रात्रीतून हाक मारली तर लगेच उठा." मी हो म्हटलं. कागदावरच्या ओळीप्रमाणे ते गुरुवारी दुपारी आमच्या मागच्या खोलीत पोचणार होतं. ते काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगतो, जाणून घ्यायचंही नव्हतं. मला एवढंच कळत होतं की ते येतंय, आणि माझी बायको उठून पळू शकत नाही.

५

बुधवारी संध्याकाळी मी तिला उचलून पुढच्या खोलीतल्या माझ्या कॉटवर आणलं. म्हटलं, मागच्या भिंतीला ओल येतेय.

"ओल? मी सात महिने त्या भिंतीकडे बघतेय. मला नाही दिसली."

"तू शिंपीण. ओल मला कळते."

"बरं झालं," ती म्हणाली. "इथून रस्ता दिसतो. आधीच का नाही ओल आली हो?"

तिच्या अंगाचं वजन उरलं नव्हतं. तिला कॉटवर ठेवताना मला गलबलून आलं, आणि ती आहे, बोलतेय, टोमणे मारतेय, याबद्दल मी कुणाचे तरी मनापासून आभार मानले. मी तिच्या पलंगावर झोपलो. जे यायचं ते मागच्या खोलीत येईल आणि त्याला मी सापडेन, असा माझा साधा हिशेब होता.

गुरुवारी सकाळी मी दाराबाहेरच तीन फोटो काढले. तिघांसाठीही लांब जावं लागलं नाही. कुंडीतला किडा, पायरीवरची गोगलगाय, समोरच्या तारेवरचं कबुतर. आमच्या घराकडे बघत नव्हते अजून, पण फार लांबही बघत नव्हते. ताई दहाला आल्या आणि बारापर्यंत थांबणार होत्या. नकाशा कार्यालयात. मी म्हटलं, दोन तासांत रेघा मारून परत येतो.

६

दप्तरखान्यात पेन्सिलकाका बसले होते. आमचे निवृत्त नकाशाकार. कानावर पेन्सिल असते म्हणून हे नाव. घरी करमत नाही म्हणून येतात आणि जुने नकाशे वाचतात, दुसरा माणूस वर्तमानपत्र वाचेल तसे. माझा पारदर्शक कागद त्यांनी आधीच पाहिला होता.

"हे काय मोजतोयस रे?"

"एक चालती वस्तू आहे काका."

त्यांनी चष्मा वर केला. कसली वस्तू हे विचारलं नाही. ते कधीच विचारत नाहीत, त्यांना फक्त रेघांत रस.

"रोज त्रिकोण पडतोय तुझा."

"हाताची चूक आहे. मध्य धरलाय."

"हाताची चूक आज इकडे पडते, उद्या तिकडे. तुझा त्रिकोण बाराही दिवस एकाच हाताला पडलाय. काय शिकवलं होतं मी? त्रिकोण सारखा पडायला लागला की मध्यावर टिंब द्यायचं नाही. कागद फिरलाय तो. आधी कागद फिरवायचा." त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यातल्या बाणावर बोट ठेवलं. "तुझी दिशा कुठली?"

"फोनची."

"आणि ही उत्तर दिशा मी स्वतः काढलीय, होकायंत्राने, तीस वर्षांपूर्वी. सुई तेव्हा जिथे होती तिथे आज नाही. सुई सरकते बाबा. थोडीच, पण सरकते."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. पारदर्शक कागदावर उत्तर नव्याने आखली, फरक इतका होता की दोन रेघांमध्ये नख बसावं. मग पहिल्या दिवसापासूनच्या रेघा एकेक करून पुन्हा मारल्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. रेघा या वेळी टिंबातच मिळत होत्या, त्रिकोण राहतच नव्हता. काका खूश झाले.

टिंबांची ओळ घरांच्या मागून उठली आणि रस्त्यावर येऊन बसली. माझ्या रस्त्यावर. टाकीमागच्या मैदानाच्या कडेने, कारखान्याच्या पुढून, इस्त्रीवाल्याच्या टेबलाशेजारून. प्रत्येक टिंब अशा जागी होतं जिथे आदल्या कुठल्यातरी सकाळी मी फोन घेऊन वाकलो होतो. ते माझ्या वाटेने माझ्या मागे चाललं होतं. त्याला मागची खोली नकोच होती. शेवटच्या तीन रेघा मारून काकांनी ओळ पुढे नेली आणि ती जाऊन टेकली आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली, जिथे माझी कॉट आहे.

त्या कॉटवर मी माझ्या हाताने तिला नेऊन ठेवलं होतं.

"बघ," काका म्हणाले. "आता कसं गोळीबंद बसलं."

७

पंचावन्नाव्या वर्षी माणूस किती धावू शकतो ते मला त्या दुपारी कळलं. वाटेत काही बघितलं नाही असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. तारांवर, कुंपणांवर, गटाराच्या कडेला जे जे बसलं होतं ते सगळं माझ्याच दिशेला, माझ्या पुढे, घराकडे तोंड करून होतं. मी त्यांच्या पाठीमागून धावत होतो.

ताई गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं. पुढच्या खोलीत पंखा चालू होता, आणि कॉट रिकामी होती.

मी कॉटखाली वाकून पाहिलं.

"अहो?" मागच्या खोलीतून तिचा आवाज आला. "पुन्हा कुठे गेला होता?"

ती उभी होती. झाकलेल्या मशीनवर दोन्ही हात टेकून, पाय थरथरत, घामाने केस कपाळाला चिकटलेले, पण उभी. सात महिन्यांत मी तिला माझ्याएवढ्या उंचीवर पाहिलं नव्हतं.

"तू इथे कशी आलीस?"

"आले." तिचं तिलाच नवल वाटत होतं. "डोळा लागला होता माझा. तुम्ही येऊन पायाशी बसलात ना, कॉट दबली तेव्हा जाग आली. मी म्हटलं, अहो सरका जरा, पाय दुखतो. तुम्ही काही बोलेनात. म्हटलं दमला असाल, आडवं व्हायचं असेल. आपण जागा अडवून कशाला बसायचं, म्हणून उठले. दाराला धरलं, मग मशीनला धरलं. इथे आल्यावर लक्षात आलं, मी उठलेय." आणि ती रडायला लागली, रडता रडता हसायला.

मीही रडलो. त्याची लाज नाही. तिला धरून मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. तिच्या पायांखाली जमीन होती आणि तिचं वजन तिच्या पायांवर होतं. या जगात कुणी मला याहून मोठं काही देऊ शकलं नसतं. ताई नंतर म्हणाल्या की त्यांना हे अपेक्षितच होतं, स्नायूंत जीव येत होता. असेलही. मी ताईंचेही आभार मानले.

"पण मगाशी तुम्ही बोलत का नव्हता?" तिने डोळे पुसत विचारलं.

"दमलो होतो," मी म्हटलं.

८

तिला पलंगावर बसवून मी पुढच्या खोलीत गेलो. खिडकीच्या गजांवर चार चिमण्या होत्या, आत तोंड करून, गप्प. कॉटवरची चादर तिने उठताना बाजूला ओढलेली. पायाकडच्या बाजूला गादी दबलेली होती, कुणी बसल्यावर दबते तेवढी. बराच वेळ बघितलं. ती वर आली नाही.

पळून जावंसं वाटलं, नाही असं नाही. पण मी पळालो तर ते माझ्या मागे येईल की इथे थांबेल, हे मला माहीत नव्हतं, आणि मागच्या खोलीत नुकती उभी राहिलेली बायको होती. ते माझ्यासाठी आलंय, तिच्यासाठी नाही, हे मनात पक्कं झालं तेव्हा मला जे वाटलं ती भीती नव्हती. बारा दिवसांचं ओझं खांद्यावरून उतरलं. मी हळूच म्हटलं, "आभारी आहे." मग कॉटवर बसलो. गादीचा उतार त्या बाजूला होता, त्यामुळे मी थोडा तिकडे सरकलो. त्या बाजूला पाहिलं नाही.

"अहो, फोन द्या," ती दारात आली होती. चौकटीला धरून, पाऊल टाकत. "आज मी काढते. तुमचाच काढते. हसा."

मी फोन पुढे केला, तिने घेतला, मी हसलो. तिने फोटो काढला आणि स्क्रीनकडे बघत राहिली. दोन बोटांनी मोठा केला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तिची नजर माझ्यावर टिकेना, ती माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे जाऊ लागली. कापड चुकीचं कापलं गेलं की तिचा आवाज जसा सपाट होतो तसा झाला.

"उठा तिथून. इकडे या."

"मी बरा आहे इथे. तू पायरीपर्यंत जा. जमेल तुला. कुंडीपाशी काही आहे का बघ."

"अहो."

"जा गं. सात महिने झाले. ऊन आहे बाहेर."

तीस वर्षांच्या संसारात तिने एवढं मुकाट्याने माझं कधी ऐकलं नव्हतं. भिंतीला हात लावत ती माझ्यासमोरून गेली. आठ पावलं मोजली मी. दार उघडलं, उजेड आत आला, आणि तिची सावली पायरीवरून खाली उतरली.

तेव्हा माझ्या शेजारची गादी किंचित हलकी झाली. बसलेलं कुणी बाहेर डोकवायला पुढे झुकतं, तशी. मी हात लांब करून तळवा गादीवर ठेवला.

"तिला जाऊ दे," मी म्हटलं. "मी आहे ना."

मग गादी पुन्हा दबली, सावकाश, माझ्या हाताशेजारी. बाहेर फोटो काढल्याचा आवाज आला. मग थोड्या अंतरावरून, अंगणाच्या पलीकडून, आणखी एक.